रातराणीच्या काचेतून दिसलेला उजेड

ऑफिस, ट्रॅफिक, ईएमआय... या सगळ्यातून मान वर करून तुम्ही शेवटचं आकाश कधी पाहिलंत? झगमगीत उल्का बघायला दुर्बीण लागत नाही, तिकीट लागत नाही. लागतो थोडासा अंधार आणि ‘हो, मीही पाहिली’ म्हणणारं एखादं माणूस!

2 एप्रिल 2022. गुढीपाडवा, आणि त्यात शनिवार. म्हणजे एक हक्काची सुट्टी पाण्यात! पुण्यातल्या माझ्या वन बीएचकेत मी श्रीखंड-पुरी हाणून सोफ्यावर आडवी झाले होते. वेब सिरीजचा चौथा एपिसोड चालू, फोन सायलेंटवर. आठच्या सुमाराला फोन हातात घेतला तर बाबांचे पाच मिस्ड कॉल.

आमचे बाबा उगाच फोन करणाऱ्यांतले नाहीत. रविवारी सकाळी साडेनऊला एकदा करतात, पाऊसपाणी विचारतात आणि ‘ठेवतो मग’ म्हणून ठेवून देतात. त्यामुळे पाच कॉल म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. आईचं बीपी?

“काहून वं, फोन नाही उचलत?” बाबांचा आवाज चढलेला.

“काय झालं? आई बरी आहे ना?”

“तिले काय धाड भरली! तू आधी गच्चीवर जाय. आकाशात जळत जाऊन राहिलं होतं काहीतरी. चार-पाच तुकडे, एकामागं एक, आगगाडीवानी... गेलं आता. तुले दाखवाचं होतं.”

मी गॅलरीत आले. समोरच्या टॉवरचे दिवे, चौकातल्या होर्डिंगचा जांभळा झोत. आकाश म्हणजे नुसता राखाडी पत्रा. तिकडे वर्ध्याला बाबा गुढीची काठी खाली आणायला गच्चीवर गेले होते, ती तशीच हातात धरून त्यांनी मला पाच वेळा फोन लावला होता. आणि मी काय करत होते? तर पुढच्या एपिसोडसाठी ‘स्किप इंट्रो’ दाबत होते.

विमान पेटलं, क्षेपणास्त्र पडलं...

त्या रात्री व्हॉट्सअॅपवर नुसता धुमाकूळ होता. विदर्भ, खान्देश, मराठवाडा, पार मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी व्हिडिओ काढले होते. कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणी म्हणालं क्षेपणास्त्र, बरेच जण म्हणाले उल्का. आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांनी तर पाडव्याच्या मुहूर्तावर शुभसंकेत म्हणून हात जोडलेले सहा इमोजी टाकले. आणि मग चंद्रपूर जिल्ह्यातून बातमी आली. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून धातूची एक प्रचंड रिंग पडली होती. व्यास साधारण तीन मीटर, म्हणजे दहा फूट! पुढच्या दिवसांत आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले.

उल्का दहा फुटांची रिंग टाकून जात नाही. तेव्हा हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात असलेले जोनाथन मॅकडॉवेल रॉकेटचा हिशेब ठेवण्यासाठी जगभर ओळखले जातात. त्यांनी सांगितलं, की हा बहुधा फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चिनी ‘लाँग मार्च 3बी’ रॉकेटचा वरचा टप्पा असावा. काम झाल्यावर तो वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहिला, हळूहळू खाली येत गेला आणि पाडव्याच्या संध्याकाळी आपल्या डोक्यावर जळला.

खरं तर व्हिडिओ बघूनच ओळखता आलं असतं. रॉकेटचा तुकडा सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतबाहेर वेगाने, अगदी तिरका आत शिरतो. त्यामुळे तो निवांत, मिनिटभरसुद्धा, आकाश ओलांडत जातो आणि त्याचे तुकडे वरातीसारखे मागेमागे चालतात. उल्केकडे एवढा वेळ कुठला? ती वातावरणात घुसते तेव्हा तिचा वेग सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर असतो. बहुतेकींचा खेळ एका सेकंदात आटोपतो, चांगली ठसठशीत असेल तर तीन-चार सेकंद. ‘अरे ते बघ’ म्हणून खिशातून फोन काढेपर्यंत ती शिल्लक असेल, तर ती बहुधा उल्का नव्हेच.

मी मोठ्या ऐटीत हे सगळं बाबांना समजावलं. गुगल करून आलेली हुशारी, दुसरं काय! पलीकडे बराच वेळ शांतता.

“म्हणजे ही उल्का नव्हती?”

“नाही ना बाबा. चायनाचं रॉकेट.”

“बरं.” पुन्हा शांतता. “मंग मेहकरवाली होती.”

“कोणती मेहकरवाली?”

“जाऊ दे. ठेवतो मग.”

31 वर्षं, एक मोठी काच

इथे थोडं बाबांविषयी सांगायला हवं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. 31 वर्षं. त्यातली कितीतरी वर्षं रातराणीवर. तुम्ही रातराणीने गेला असाल तर तुम्हाला आठवत असेल ती खिडकीची खडखड, शेजारच्याची खांद्यावर पडणारी मान आणि अडीच वाजता कुठल्याशा कळकट ढाब्यावर मिळणारा अतिगोड चहा. मला आठवतं ते एवढंच, की बाबा रात्री डबा घेऊन निघायचे आणि मी शाळेतून यायचे तेव्हा झोपलेले असायचे. मधल्या रात्री त्यांनी काय पाहिलं, हे मी कधी विचारलंच नाही. रस्ता पाहिला असेल, आणखी काय!

पण विचार करा. पन्नास माणसं मागे झोपलेली. पुढे चार-साडेचार फूट उंचीची काच. गावं मागे पडली की दोन्हीकडे काळोख. आकाश बघायला याहून चांगली सीट महाराष्ट्रात दुसरी नसेल, आणि तिच्यावर बसलेल्या माणसाला झोपायची परवानगी नाही.

2022 च्या दिवाळीत घरी गेले तेव्हा मी विषय काढला. बाबा आधी लाजले. मग कपाटाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत खिशातल्या छोट्या डायऱ्यांची चळत. टायरवाले, पंपवाले वर्षाच्या सुरुवातीला फुकट वाटायचे त्या. बाबा त्यात रोजची ड्युटी, गाडीचा नंबर, डिझेल असं लिहायचे. एकही वाक्य फालतू नाही. त्यातून त्यांनी 1998 ची काढली आणि बरोब्बर पान उघडलं. म्हणजे हे पान त्यांनी याआधीही उघडलं असणार.

“17-11-98. पहाटे 3.10. मेहकरच्या अलीकडे. उजेड. रस्ता दिसला.”

बस्स. माझ्या बाबांच्या लेखी हे महाकाव्यच.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्ध्याहून रात्री निघालेली गाडी, त्यांची ड्युटी तेव्हाच्या औरंगाबादपर्यंत. कारंजा गेलं, मालेगाव गेलं. “त्या रात्री तारे लय तुटून राहिले होते. मले वाटलं, थंडीचं असंन. आन् मंग एक अशी गेली का बाप्पा, हेडलाइटाचा उजेड फिका पडला. बाभळीची सावली रस्त्यावर पडली आन् फिरली. निळा-हिरवा उजेड. मी ब्रेकवर पाय ठेवला होता.” त्यांनी पलीकडच्या सीटवर पेंगणाऱ्या कंडक्टरला हलवून उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, “डुलकी लागली का तुम्हाले?”

त्यानंतर बाबांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. रातराणीचा ड्रायव्हर ‘पहाटे तीनला मला उजेड दिसला’ म्हणतोय, म्हटल्यावर ऐकणारा काय समजेल? आईलासुद्धा नाही. आईला कळलं असतं तर तिने दुसऱ्याच दिवशी रात्रपाळी सोडायला लावली असती.

तारीख तपासली आणि...

मी ती तारीख फोनवर टाकली. आणि खरं सांगते, अंगावर काटा आला.

16 आणि 17 नोव्हेंबर 1998 च्या मधली रात्र ही उल्का बघणाऱ्या जमातीत दंतकथा बनलेली रात्र आहे. दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर पृथ्वी टेम्पल-टटल नावाच्या धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीतून जाते आणि सिंह राशीच्या दिशेने उल्का येताना दिसतात. यांना लिओनिड्स म्हणतात. हा धूमकेतू साधारण 33 वर्षांनी एकदा सूर्याजवळ येतो आणि 1998 साली तो नुकताच येऊन गेला होता. त्यामुळे जगभरचे खगोलप्रेमी तयारीत होते. पण त्यांचा मुहूर्त होता 17 तारखेची रात्र! आदल्या रात्रीच, कित्येक तास आधी, आकाशात आतषबाजी सुरू झाली. तीही साध्यासुध्या उल्कांची नव्हे, फायरबॉल्सची. शुक्राच्या चांदणीपेक्षा जास्त तेजस्वी उल्का असेल तर तिला फायरबॉल म्हणतात. स्लोव्हाकियातल्या मोद्रा वेधशाळेने त्या रात्री चार तास कॅमेरा उघडा ठेवून एकच फोटो काढला. त्यात दीडशेच्या वर उल्का आहेत.

पुढे संशोधकांनी गणित मांडलं तेव्हा कळलं, की तो खच 1998 च्या फेरीतला नव्हताच. धूमकेतूने 1333 साली टाकलेल्या जाडसर कणांचा तो पट्टा होता. सहाशे पासष्ट वर्षं तो सूर्याभोवती फिरत राहिला. 1333! म्हणजे मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून आपली राजधानी दौलताबादला हलवण्याचा घाट घातला, त्याच्या नंतरची पाच-सहा वर्षं. त्या काळातला एखादा खडा सेकंदाला 71 किलोमीटर वेगाने मेहकरच्या आकाशात येऊन जळला आणि खाली एक लाल एसटी नेमकी दौलताबादच्याच दिशेने चालली होती.

बाबांना हे सगळं सांगितलं. मोद्राचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोन जवळ घेतला, लांब धरला. खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे डुलकी नव्हती.”

चोवीस वर्षांनी!

तेव्हाच लक्षात आलं, की बाबांना फोटो नीट दिसत नाहीये. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ‘दिव्याभोवती कडं दिसते, बाकी ठीक आहे’ असं ते वर्षभर सगळ्यांना सांगत होते. एवढी वर्षं ज्या डोळ्यांच्या जिवावर हजारो माणसं सुखरूप घरी पोचवली, त्यांना दवाखान्यात न्यायला या माणसाला पुढचं वर्ष लागलं.

दगड पडतात, हे पॅरिसला कोण सांगणार?

तसं बघितलं तर बाबा एकटे नाहीत. आकाशातून दगड पडतात असं शेतकरी शतकानुशतकं सांगत होते आणि शिकलेली मंडळी हसत होती. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांना हे गावंढळ लोकांचे भ्रम वाटायचे. 26 एप्रिल 1803 ला फ्रान्समधल्या लेग्ल गावाभोवती दुपारी स्फोटासारखे आवाज झाले आणि तीन हजारांहून जास्त दगड पडले. सरकारने ज्याँ-बाप्तिस्त बियो नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला पाठवलं. वय किती? एकोणतीस! आपल्याकडे या वयात माणूस टीम लीड होण्यासाठी अप्रेझलमध्ये भांडत असतो. बियो गावोगाव फिरला. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना वेगवेगळं विचारलं, कुठून आवाज आला, कुठे दगड पडला. सगळ्यांचं जुळलं. त्याच्या अहवालानंतर हसणारे गप्प झाले.

आपल्याकडेही ताजं उदाहरण आहे. 22 मे 2012 ला नागपूरजवळच्या काटोलमध्ये भर दुपारी दोनच्या सुमाराला आकाशात लखलखाट झाला, दणाणून आवाज झाले आणि दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यातले तीसेक तुकडे गोळा केले. जमिनीवर पोचलेल्या अशा दगडाला मराठीत अशनी म्हणतात. आकाशात दिसतो तो उजेड उल्का, हाताला लागतो तो दगड अशनी. हा फरक नक्की ध्यानात ठेवा, पार्टीत उपयोगी पडतो. आणि मेहकरहून जेमतेम तासाभराच्या अंतरावर लोणार आहेच. लाखो वर्षांपूर्वी आदळलेल्या अशनीने काळ्या बेसॉल्टमध्ये पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा पाडला. शाळेच्या सहलीत आपण तिथे जाऊन फक्त माकडं बघून आलेलो असतो, ते सोडा.

पण एवढा दगड पडायला नशीबच लागतं. रोज दिसणाऱ्या उल्का वाळूच्या कणाएवढ्या, फार तर वाटाण्याएवढ्या असतात. शंभरेक किलोमीटर उंचीवर त्यांच्या पुढची हवा इतक्या झपाट्याने दाबली जाते, की ती भट्टीसारखी तापते आणि त्या कणाची वाफ होते. आपण शाळेत ‘घर्षणाने पेटते’ असं लिहून दोन मार्क मिळवले, पण खरं काम या दाबल्या गेलेल्या हवेचं. कणात मॅग्नेशियम असेल तर निळसर-हिरवा रंग दिसतो, सोडियमचा पिवळा, हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनचा लालसर. बाबांच्या ‘निळा-हिरवा उजेड’ला हे असं केमिस्ट्रीचं पाठबळ आहे.

काचेपाशी धावू नका, प्लीज!

आता खास तुमच्या-माझ्यासारख्या काचेच्या बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्यांसाठी. 15 फेब्रुवारी 2013, रशियातलं चेल्याबिन्स्क शहर. सकाळी नऊ वाजून गेलेले, लोक ऑफिसला निघालेले. साधारण वीस मीटरचा दगड सेकंदाला 19 किलोमीटर वेगाने आला आणि तीसेक किलोमीटर उंचीवर फुटला. क्षणभर सूर्याहून जास्त प्रकाश पडला. तिथे गाड्यांमध्ये डॅशकॅम लावायची पद्धत, म्हणून आपल्याला त्याचे एवढे व्हिडिओ बघायला मिळाले. पुन्हा ड्रायव्हरची काच, बघा!

उजेड पडला आणि लोकांनी काय केलं? तुम्ही-आम्ही करू तेच. काय झालं ते बघायला खिडकीपाशी धावले. उजेड क्षणात पोचतो, आवाजाचं तसं नसतं. किलोमीटरमागे त्याला तीन सेकंद लागतात. दोन मिनिटांहून थोड्या जास्त वेळाने हवेचा तडाखा पोचला आणि हजारो इमारतींच्या काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोकांना दवाखान्यात जावं लागलं, बहुतेकांना काचा लागल्या होत्या. एका शाळेतल्या बाईंनी मात्र उजेड पाहताच चौथीतल्या 44 मुलांना बाकांखाली घातलं. त्यांना स्वतःला काच लागली, मुलांना ओरखडा नाही. तेव्हा कधी डोळे दिपवणारा उजेड पडला, तर काचेपासून लांब व्हा आणि निदान तीन-चार मिनिटं तिकडे फिरकू नका. आयुष्यात उपयोगी पडण्याची शक्यता नगण्य, पण फुकटचा सल्ला आहे, घेऊन ठेवा.

आणि सावकाश, नेहमीसारखी झगमगीत उल्का दिसली तर? आधी होता तिथेच उभे राहा. घड्याळ बघा. कुठून निघाली आणि कुठे विझली, हे झाड, पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर अशा खुणांनी लक्षात ठेवा. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण दहा अंश झाकते, तेव्हा क्षितिजापासून किती मुठी वर, हे मोजता येतं. रंग, तुकडे, मागे राहिलेली धुराची रेघ, नंतर आवाज आला का, हे सगळं टिपा. ‘समोरच्या टेकडीमागे पडली’ असं मात्र म्हणू नका. प्रत्येकालाच तसं वाटतं आणि ती दोनशे किलोमीटर पलीकडे असते. इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशनचा ऑनलाइन फॉर्म आहे, तो भरा. चार गावांतल्या चार माणसांनी भरला, तर त्यावरून उल्केचा मार्ग काढता येतो. बियोने पायी फिरून केलं तेच काम.

शेवटी, बाजेवर

ऑक्टोबर 2023 मध्ये बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिली तक्रार केली ती आमच्या हॉलच्या रंगाची. “हा निळा आहे? मी इतके दिवस हिरवा समजून राहिलो.” डावा डोळा अजून जुनाच होता. दिवसभर एकेक डोळा मिटून ते सगळ्या घराचा रंग तपासत फिरले.

डिसेंबरचं कॅलेंडर मी आधीच बघून ठेवलं होतं. तुम्हाला एकच उल्कावर्षाव बघायचा असेल तर डिसेंबरचा जेमिनिड्स बघा, दरवर्षी 13-14 डिसेंबरच्या रात्री. ऑगस्टमधल्या पर्सिड्सचं कौतुक परदेशी साइट्सवर फार असतं, पण आपल्याकडे 12 ऑगस्टला आकाशात काय दिसतं, ते सांगायला नको. जेमिनिड्स मात्र आपल्या थंडीत, निरभ्र रात्री आणि संध्याकाळपासूनच दिसायला लागतात. मध्यरात्रीनंतर मिथुन राशी, म्हणजे पुनर्वसूचे दोन तारे, डोक्यावर आले की ऐन भर. फक्त कालनिर्णयमध्ये चंद्र कुठे आहे ते बघून घ्या. 2023 मध्ये 12 तारखेची अमावास्या होती. यापेक्षा चांगला योग कुठला?

मुंबईकर याच कारणासाठी वांगणीला जातात. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून लोकांना आकाश दाखवतेय. मी मात्र दोन दिवसांची रजा टाकून वर्धा गाठलं. मॅनेजरने विचारलं, “फॅमिली इमर्जन्सी?” मी म्हटलं, “हो, तसंच.”

काकांचं शेत आर्वीच्या रस्त्याला आहे. तुरी उभ्या, अर्धा कापूस वेचायचा बाकी. काकांनी दोन बाजा टाकून दिल्या, वर वाकळ, आणि शेकोटी पेटवायला निघाले. त्यांना थांबवलं. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झोतात सगळं मुसळ केरात! फोन बंद. टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळलेला. काका “वेडी झाली पोरगी” म्हणत झोपायला गेले.

पहिली अकरा वाजायच्या आत दिसली. बारीक, पांढरी, टाचणीने ओरखडा काढावा तशी. मग दर दोन-तीन मिनिटांनी एखादी. मध्येच काहीच नाही, मध्येच दोन एकदम. आमची मोजायची पद्धत म्हणजे खिशात तुरीचे दाणे. दिसली की एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात. मधून लांबून फटाके वाजायचे, कुणीतरी रानडुकरं हाकलत होतं.

मध्ये मी बाबांना सांगितलं, की बाकीच्या बहुतेक उल्का धूमकेतूंच्या धुळीच्या, पण या जेमिनिड्स फेथॉन नावाच्या, धूमकेतूसारख्या न दिसणाऱ्या एका खडकाळ लघुग्रहाच्या. पाचेक किलोमीटरचा आहे, 1983 साली सापडला. सेकंदाला 35 किलोमीटर वेग. म्हणजे पुणे-नागपूर वीस सेकंद. बाबांनी कौतुकाने ‘बाप्पा’ म्हटलं. आणि फेथॉन हे ग्रीक गोष्टीतलं सूर्याच्या मुलाचं नाव. त्याने हट्टाने बापाचा रथ चालवायला घेतला, घोडे आवरेनात, पृथ्वी जळायला लागली, शेवटी झ्यूसने वीज टाकून त्याला पाडलं.

“ट्रायल न घेता गाडी कायले देली?” बाबा म्हणाले. “चूक बापाचीच आहे.”

दोन वाजले. उजव्या खिशात एकाहत्तर दाणे. गार वारा सुटला होता, म्हणून मी उठून बसले आणि पाठमोरी होऊन थर्मासचं झाकण फिरवायला लागले. झाकण घट्ट बसलेलं. आणि अचानक मला माझे हात दिसले. थर्मासवरची फुलं दिसली. समोर बाबा, त्यांचा मफलर. रात्रभर काळा असलेला तो मफलर लाल होता! त्यांचं तोंड उघडं, नवा डोळा सताड, आणि चेहऱ्यावर निळसर प्रकाश डावीकडून उजवीकडे सरकला. मी मान वळवली तोवर वर फक्त एक फिकट रेघ उरली होती, तीही विरघळत.

“दिसली?” बाबांचा आवाज कापत होता.

“उल्का नाही दिसली. उजेड दिसला.”

“काहून? डुलकी लागली होती का तुले?”

आणि ते जे हसले! एवढं मोठ्याने हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तिकडे झोपडीत काका खडबडून उठले, त्यांना वाटलं डुकरं आली. मग बाबांनी स्वेटरच्या आतल्या खिशातून डायरी काढली. 2023 ची, पंपवाल्याचीच. मला लाल टॉर्च धरायला लावला, पेन झटकलं आणि लिहिलं.

“14-12-23. पहाटे 2.05. काकाचं शेत. उजेड. मुलीनेही पाहिला.”